चार उंडे

आई दोरीवरचे ओले कपडे काढत होती. माझा परकर, तिचं पातळ, टॉवेल. पुन्हा पिळून बालदीत भरत होती. मी तुयेच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आले होते. तिथला निळा कोट अजून अंगावर होता. ऊन कडक होतं.

"पावस येता?" मी विचारलं.

"बाब येवन सांगून गेलो," आई म्हणाली. "घर रिकामें दिसूंक जाय."

बाब म्हणजे भाटकार. माडांच्या बागेला आमच्याकडे भाट म्हणतात आणि तिच्या मालकाला भाटकार. त्याच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. आम्ही मुंडकार. आमच्या ओट्यावरून समुद्र दिसतो. म्हातारा भाटकार गेला, आता मुलगा सगळं पाहतो. तो पणजीला राहतो, माझ्याहून थोडाच मोठा आहे. आई त्याला मानाने बाब म्हणते. तो आईला नुसतं 'गे' म्हणतो.

सकाळी येऊन तो जे बोलला, ते आईने मला जसंच्या तसं सांगितलं. चार वाजता परदेशी गिऱ्हाईक येणार. दोरीवर कपडे नकोत. चुलीत विस्तव नको. भिंतीवरचा फोटो उतरव. दार उघडं ठेव. तुम्ही दोघी पार्श्याला तुझ्या बहिणीकडे जा, काळोख पडल्यावर या.

"आनी तुळस?" आईने त्याला विचारलं होतं.

"तुळस आसूं दी. तांकां आवडटा."

फोटो माझ्या वडिलांचा. त्यांनी आयुष्यभर याच भाटातले नारळ पाडले.

मला राग आला नाही. हे लिहून ठेवते, कारण लोक विचारतात. दिवसभर औषधांच्या पट्ट्या खोक्यांत भरून आल्यावर हात सांगितलं ते करतात. मी फोटो उतरवला. भिंतीवर खिळा राहिला, आणि खिळ्याखाली रंग न विटलेला एक चौकोन. आईने चुलीत पाणी ओतलं. कालवणाचं भांडं खाटेखाली सरकवलं.

पार्श्याला आम्ही गेलो नाही.

"भयणीक कितें सांगूं?" आई म्हणाली. "आमकां घरांतल्यान भायर काडल्यांत म्हणून?"

घरामागे चढ आहे. वर काजूची झाडं. त्यांच्या आड आम्ही बसलो. बालदी सोबत घेतली होती. फोटो आईच्या मांडीवर, पदराखाली.

गाडी आली. भाटकार, एक परदेशी पुरुष, त्याची बायको. दोघं पन्नाशीतली. वाईट माणसं वाटली नाहीत. बाई तुळशीपाशी थांबली, हात जोडून हसली. दारात तिने चपला काढल्या. भाटकाराने बूट काढले नाहीत.

घराच्या मागच्या खिडक्या उघड्या होत्या. आतलं सगळं ऐकू येत होतं. मी बारावीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी समजतं. तो पुरुष म्हणत होता, आमच्याकडे एवढ्या पैशांत मोटार ठेवायची खोलीसुद्धा येत नाही, आणि इथे समुद्र. भाटकार हसला. परदेशी पाहुण्याला इथे सरळ जमीन घेता येत नाही, तो सांगत होता. कंपनी काढायची, कंपनीच्या नावावर घ्यायची. ते माझी माणसं बघतील.

मग बाईचा आवाज आला, स्वयंपाकघरातून. चूल गरम आहे, ती म्हणाली. इथे कोण राहतं?

"नोबडी," भाटकार म्हणाला. "इट्स एम्प्टी."

आईने मला कोपराने ढोसलं. "कितें म्हणटा तो?"

"कोण ना म्हणटा."

"कोण ना?"

"हांगा कोण रावना. अशें म्हणटा."

 आई पदराने फोटोची काच पुसत राहिली. काच स्वच्छ होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. पोंक, पोंक. पोदेर. आमचा पाववाला. सायकलच्या मागे उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, टोपली बांधून तो रोज या वेळेला येतो. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. गाडीला वळसा घालून तो नेहमीसारखा अंगणात आला, सायकल माडाला टेकवली आणि ओरडला, "काकी! उंडे व्हर गो! संपले जाल्यार मागीर म्हाका गाळी घालूं नाका!"

परदेशी जोडपं ओट्यावर आलं. पाव दारात येतो? बाईला भारी आनंद झाला. रोज येतो, भाटकार इंग्रजीत म्हणाला. मग पोदेराला म्हणाला, "आज नाका. वच."

"तुमकां नाका आसतले. काकी खंय?"

"हांगा कोण रावना."

पोदेराला ती थट्टा वाटली. तो मोठ्याने हसला. "मागीर रोज चार उंडे कोण खाता? देवचार?"

देवचार म्हणजे गावची वेस राखणारं भूत.

माझ्या शेजारी आई उठायला लागली होती. सवयीने. भोंगा वाजला की ती उठते. अर्धी उठली, मग तिला आठवलं, आणि ती हळूच खाली बसली. स्वतःच्या दारात पाव घ्यायला जायचं नाही, हे तिला आठवावं लागलं. आठवलं, आणि तिने ते पाळलं.

तोपर्यंतचं सगळं माझ्यावरून वाहून गेलं होतं. हे गेलं नाही.

मी बालदी उचलली आणि खाली उतरले. अंगणात येऊन पहिल्यांदा परकर दोरीवर टाकला. मग पोदेराला म्हटलं, "चार."

"पळय, आयलो देवचार," तो म्हणाला आणि टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

ही कोण, बाईने विचारलं.

"केअरटेकर," भाटकार म्हणाला.

पगारावर ठेवलेला राखणदार मुंडकार ठरत नाही. आणि मुंडकाराला असं घरातून घालवता येत नाही. हा कायदा मला तेव्हा माहीत नव्हता. त्याला माहीत होता. मला एवढंच माहीत होतं की आम्हाला कोणी कधी पगार दिलेला नाही.

"आय लिव्ह हिअर," मी म्हणाले. "माय मदर ऑल्सो."

तेवढंच इंग्रजी तोंडातून निघालं. पुरेसं होतं. पुरुष भाटकाराकडे पाहत राहिला. बाईने चपला घातल्या. 'सॉरी' म्हणाली, पण माझ्याकडे न पाहता.

निघताना भाटकाराने गाडीची काच खाली केली. "तुझ्या बापायन माझ्या बापायमुखार केन्नाच मान वयर काडूंक नाशिल्ली गे."

 मी उंडे घेऊन घरात गेले.

आई उतरून आली. फोटो खिळ्यावर लावला. चूल पेटवली नाही, थंड कालवणात उंडा बुडवून खाल्ला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "बाबाक राग आयलो आसतलो." माझ्याशी तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी भाटातल्या विहिरीला जाळी आणि कुलूप होतं. पाणी आता शेजारून आणतो.

ते जोडपं पुन्हा आलं नाही. दुसरी आली. तिसरीही. मुंडकार म्हणून नोंद व्हावी, यासाठी आम्ही मामलेदाराकडे गेलो आहोत. तारीख पडते. भाटकाराचा वकील येत नाही. पुढची तारीख पडते. निकाल कधी लागेल, कोणाच्या बाजूने लागेल, सांगता येत नाही.

गाडीचा आवाज आला की आईचा हात अजून दोरीकडे जातो. मी तो धरते.

गिऱ्हाईक येणार असं कानावर आलं की मी रजा टाकते. चूल पेटवते. वाळलेले कपडे पुन्हा भिजवून दोरीवर घालते. मग ओट्यावर बसते. भाटकार समोर आला तरी उठत नाही. इथे कोण राहतं, असं कोणी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तरी सांगते.

फोटो खिळ्यावर आहे. तो उतरणार नाही. घर रिकामं होणार नाही. तासाभरासाठीसुद्धा नाही.