तीन हलके, एक भारी

जानेवारीची धुई वर चढली तरी तुरीच्या पेंढ्या गारच होत्या. मेडशीच्या वच्छलाबाईनं खळ्यात ताडपत्री अंथरली, पेंढ्या पसरल्या आणि दांडकं उचललं. बाई चौथी शिकलेली. पण तिच्या हातची झोडलेली तूर गावात ओळखू येते. शेंगेत दाणा राहत नाही, अन् दाणा फुटतही नाही.

समोर दुसरं दांडकं घेऊन तिची लेक पिंकी उभी होती, ओठांत पुटपुटत. दुपारी वाशिमच्या एका दवाखान्यात मुलाखत होती, ईसीजी काढायच्या कामाची. मागच्या महिन्यात दुसरीकडे तिनं मशीन फटाफट चालवलं, पण डॉक्टरांनी ईसीजीचं पुरं नाव विचारलं आणि ती मधेच अडकली. जागा गेली.

"म्हन बरं एकदा," वच्छला म्हणाली.

"इलेक्ट्रोका... इलेक्..."

"अवं, सारी पेंढी एका घावात झोडून राह्यली काय? सोड तिची गाठ. तुकडे किती?"

"तीन. इलेक्ट्रो म्हंजे करंट, कार्डिओ म्हंजे काळीज, ग्राम म्हंजे लिहेल कागद."

"काळजातल्या करंटचा कागद! मंग भेतं कायले?"

पिंकीनं दम धरला आणि एकेका तुकड्यावर दणका देत नाव म्हटलं. बांधावरून तिचा बाप देवमन ओरडला, "पोरी, डॉक्टर पलंगाखाली लपतीन!"

"सारेच घाव भारी घातले तं दाणे एसटी स्टँडावर जाऊन पडतीन," वच्छला म्हणाली. "जोर कुठं हाय त्यात?"

"कोर्सच्या मॅडम म्हने, 'कार्'वर."

वच्छलानं दांडकं तीनदा अलगद टेकवलं, चौथ्यांदा दणकन हाणलं, पुन्हा तीनदा अलगद. "असं. तीन हलके, एक भारी, तीन हलके."

इ-लेक्-ट्रो-कार्-डि-ओ-ग्राम. मायलेकी समोरासमोर झोडत राहिल्या. बसची वेळ होईतो अर्धा ढीग मोकळा झाला.

चारच्या गाडीतून पिंकी उतरली ती थेट खळ्यात.

"सोमवारपासून ये म्हने!"

"नाव इचारलं?"

"इचारलं. टेबलाखाली मांडीवर बोटं आपटली, अन् सरसर निंघालं. डॉक्टर म्हने, कोन्या क्लासले होती? मी म्हनलं, खळ्यात."

वच्छलानं पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग दांडकं लेकीपुढं धरलं.

"चाल, क्लासची फी दे. अर्धा ढीग बाकी हाय."

आणि सूप ओढून ती दाणे पाखडायला बसली.