डोलीवाल्याचा पाय

आमचे सर्जन सर पुण्याच्या हॉस्पिटलला फोन लावत होते. मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला नाही एवढंच, बाकी आवाज चढवायचा तेवढा चढवला.

“पाय काढायला पाठवताय त्यांना?”

“मग काय करू? तुम्ही सांगितलेलंच औषध चालू आहे. तरी जखमेत पुन्हा तोच जंतू. म्हणजे हेही औषध फेल.”

पेशंट होते बबनराव. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या भाविकांना डोलीत बसवून खांद्यावरून वर नेणारे. मोटरसायकल घसरून नडगी मोडली. आमच्या जुन्नरच्या हॉस्पिटलात प्लेट बसवली आणि जखम चिघळली. मी इथली मायक्रोबायॉलॉजिस्ट. जखमेतला पू घ्यायचा, बशीत त्यातले जंतू वाढवायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं, हे माझं काम. लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं की शेजारचा माणूस गप्प होतो.

बबनरावांच्या जंतूचं नाव स्युडोमोनास. ओल असेल तिथे हा सुखाने नांदतो, आणि बशीत वाढला की पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. बहुतेक अँटिबायोटिक्स त्याने पचवलेली होती. हे कसं होतं ते आमच्याकडच्या द्राक्षबागायतदाराला शिकवावं लागत नाही. तेच ते औषध फवारत राहिलं की कमजोर कीड मरते, चिवट तेवढी उरते, आणि पुढची सगळी पैदास त्या चिवटांची. हॉस्पिटलात तर औषधांचा मारा रोजचाच. या जंतूवर आता एकच औषध चालत होतं.

मी नवा रिपोर्ट सरांपुढे सरकवला. “हे बघा. आताचा जंतूही त्याच औषधाने मरतोय. औषध आपलं काम करतंय सर. पण रोज कुठून तरी नवे जंतू जखमेत येताहेत.”

“कुठून?”

“परवापर्यंत वेळ द्या. शोधते.”

“परवा सकाळी ॲम्ब्युलन्स निघेल,” सर म्हणाले.

बाहेर बबनरावांची बायको उभी होती. “म्याडम, पाय ऱ्हाईल ना वो? त्यांना दुसरं काई काम येत न्हाई.” “बघते,” म्हणून मी तडक वॉर्डाकडे वळले.

बायकांच्या वॉर्डात एका आजींच्या जखमेतही हाच जंतू सापडला होता. त्यांची आणि बबनरावांची कधी गाठ पडलेली नव्हती. दोघांकडे जात होती ती एकच गोष्ट, ड्रेसिंगची ट्रॉली. मी कात्री, ट्रे, बेसिनचा नळ, सगळ्यावरून कापसाच्या काड्या फिरवून नमुने घ्यायला लागले. इन्चार्ज सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“म्याडम, माझ्या ट्रॉलीला नावं ठिवू नका. हितली बाटली कवा रिकामी दिसली का तुमाला?”

माझा हात थांबला. “कधीच रिकामी होत नाही? मग धुता कधी?”

“निम्मी झाली की वरनं भरते. रिकामी बाटली मला बघवत न्हाई.”

ती बाटली होती पाणी घालून पातळ केलेल्या जंतुनाशकाची. जंतुनाशकात जंतू शोधायला कोण जातं? पण तळाशी कायम जुनं, जोर गेलेलं औषध. त्यात जे तगले ते वरून ओतलेल्या ताज्या औषधातही वाढायला शिकले. घरात दह्याला विरजण ठेवतो, तसंच. आणि त्यानेच आम्ही रोज जखमा पुसत होतो! मी बाटलीतलं थोडं घेऊन बशीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी जंतू उबवायची पेटी उघडली. कात्री कोरी, ट्रे कोरा, नळही कोरा. बाटलीच्या बशीवर हिरवट थर आणि द्राक्षांचा घमघमाट. लॅबमध्ये मी एकटीच “सापडला!” म्हणून ओरडले. मग त्याच्यावर सगळी औषधं लावून पाहिली. बबनरावांच्या जंतूवर न चालणारी यावरही चालली नाहीत, आणि मारणारं औषध तेच एक.

तिसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स दारात लागलेली होती. मी बबनरावांची आणि बाटलीची, दोन्ही बश्या सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सरांनी दोन्ही उचलून पाहिल्या. मग ड्रायव्हरला हाक मारली, “गाडी लाव रे मागे.”

सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. जखम उघडून ऑपरेशन थिएटरमध्ये स्वच्छ केली, औषध तेच चालू ठेवलं. काही दिवसांनी बबनरावांची बशी कोरी निघाली. ती घेऊन मी वॉर्डात जवळजवळ नाचत गेले.

“म्याडम, यात तर काईच न्हाई,” बबनराव म्हणाले.

“तेच तर दाखवायला आणलंय!”

सिस्टर काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता रोज सकाळी त्या स्वतः बाटल्या उलट्या करतात, आणि कोणी वरून भरताना दिसला की त्याची धडगत नसते. सरही त्यातून सुटलेले नाहीत.

माघातल्या गर्दीच्या दिवसांत बबनरावांचा फोन आला. मागे घंटा वाजत होती. “म्याडम, आज पयली डोली वर नेली. पावणं लई वजनदार व्हतं, पर पाय काई बोलला न्हाई!”

मला रडू आलं आणि हसूही. नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते: औषधाला नावं ठेवायच्या आधी ड्रेसिंगची ट्रॉली तपासा.