पोपटीबरोबरची लाल वाइन

बोटीवरची नोकरी सोडून मी कायमचा पनवेलजवळच्या सुकापूरच्या घरी आलो, तेव्हा बॅगेत एकाच वाइनच्या दोन बाटल्या होत्या. दक्षिण फ्रान्सच्या. ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र अशा तीन जातींच्या काळ्या द्राक्षांची ती मिसळ. प्रवासी बोटीच्या डायनिंग हॉलमध्ये मी उभ्या आयुष्यात अशा किती बाटल्या उघडल्या, परक्या माणसांना अदबीने विचारून ग्लास भरले. घरी सुट्टीवर आलो की मात्र बायको मला भांड्याला हात लावू द्यायची नाही. म्हणून शेवटच्या फेरीत मनाशी पक्कं केलं होतं : एकदा तिला बसवायचं, आणि तिला आवडेल अशा जेवणाबरोबर ही वाइन मी वाढायची.

ती उरणच्या कोळ्यांची. ऐकून हसली. "मी काय मडम हाय?" मग अट घातली, "पन जेवन माज्या हातचं. तुमचं ते अळणी मटन मी नाय खानार."

पहिल्या दिवशी तिने बांगड्याचं कालवण केलं. लाल वाइनचं आणि तेलकट माशाचं पटत नाही हे मला ठाऊक होतं, पण तिचा उत्साह मोडवेना. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "लोखंडाचा खिळा चोखल्यावानी लागतंय."

अगदी तसंच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मटण. या वाइनची ती हक्काची जोडी. पण तिच्या रश्श्यातली मिरची वाइनमुळे आणखी भडकली. तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. "ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "आपल्या जिभंचं नाय ते."

"अजून एक बाटली आहे. तू सोडलंस तरी मी सोडणार नाही."

मी आठवू लागलो. ती वाइन जिथली, तिथल्या टेकड्यांवर रानपाल्याचा उग्र वास असतो. तिथली माणसं त्या पाल्यात भाजलेलं मांस आणि शेंगदाण्यांएवढ्या, मऊ शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया या वाइनबरोबर खातात. धूर, पाला, बिया, तिखट जवळजवळ नाहीच. थंडी पडली आणि पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग दिसले, तेव्हा मी तिथेच थांबलो. मडक्यात पाल्याबरोबर शेंगा भाजायची आपल्याकडची पोपटी!

घरी येऊन तिला सांगितलं. "मंग भांबुर्डीचा पाला पायजे," ती म्हणाली आणि तिने पायात चपला सरकवल्या. नदीकाठी बांधकामांच्या मधल्या पट्ट्यात आम्ही बराच वेळ हिंडलो. पाला तिलाच सापडला. तिने तो चुरगाळून माझ्या नाकाशी धरला : त्या टेकड्यांसारखाच उग्र वास.

इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही मडकं लावलं. आत पाला, शेंगा, ओवा, मीठ, कोंबडी, अंडी. तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती गवत पेटवलं. ऊन कलत होतं. मी घरून खुर्ची आणली, तिला बसवलं, मडकं उघडून ताट वाढलं, दुसऱ्या बाटलीतली वाइन ग्लासात ओतली आणि हातावर रुमाल टाकून शेजारी उभा राहिलो.

"बसा की तुमी पन."

"आधी तू."

तिने कोंबडीचा तुकडा खाल्ला, शेंग सोलली, घोट घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"आता नाय टोचत," ती म्हणाली. "धुराबरोबर बरी लागते." आणि ग्लास पुढे केला. "घाला अजून."

मी अर्धा ग्लास भरला.

"तिकडं बायका एकट्या यायच्या जेवायला?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत बोटीवरचं तिने असं कधी विचारलं नव्हतं.

"यायच्या. एक म्हातारी तर रोज."

"काय खायाची ती?"

मी शेंगांचा रिकामा डबा उपडा घालून तिच्यासमोर बसलो आणि सांगू लागलो.