इंटरव्हलपर्यंत झकास

टॉकीजच्या नोकरीत पगार वाढो न वाढो, किस्से मात्र दर शुक्रवारी वाढतात! नवा पिक्चर लागला की दोन-तीन किस्से ठरलेलेच. ते सांगायला बसलो की बायको म्हणते, "आधी जेवून घ्या, नाहीतर भाजी गार होईल." होऊ दे गार. तुम्ही ऐका.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका टॉकीजमध्ये असिस्टंट मॅनेजर म्हणून लागलो. रोज चार खेळ, आठवड्याला अठ्ठावीस. एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. आत जायचं, दहा मिनिटं बघायचं, बाहेर यायचं, पुन्हा आत! असं करत प्रत्येक सुपरहिट पिक्चर पाठ व्हायचा, आणि पाठ झाला की त्याची भोकं दिसायला लागायची. अरे, हा हिरो आत्ता मुंबईत होता, लगेच काश्मीरला कसा पोचला? ती गाण्यात सहा साड्या बदलते आणि हा अख्ख्या गाण्यात एकाच स्वेटरवर? आणि एकदा दिसलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. अक्षरशः पोटात दुखायचं हो!

एकदा तिकिटाच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कसा आहे हो पिक्चर?"

मी म्हणालो, "इंटरव्हलपर्यंत झकास! त्यानंतर घरी गेलात तरी काही बिघडत नाही."

गृहस्थ बायकापोरांसकट रांगेतून बाहेर पडले. मी वळून बघतो तर मागे आमचे मालक, भाऊशेठ!

"अरुण," शेठ म्हणाले, "मिठाईच्या दुकानात उभं राहून लाडू शिळे आहेत म्हणून ओरडायचं असतं का? पुन्हा तोंड उघडलंस तर उद्यापासून घरी बस."

आता आली का पंचाईत! नुकतं लग्न झालेलं, इंदिरानगरला दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, आणि सासरे वणीला गावभर सांगत फिरत होते की जावई टॉकीजचा मॅनेजर आहे. नोकरी टिकवायची तर पिक्चरबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मला!

*

बरं, टॉकीजात एकटा मीच परीक्षक होतो असं नाही. आमचे डोअरकीपर नाना. त्यांनी आयुष्यात एकही पिक्चर पुरता पाहिला नसेल. ते फक्त बाहेर पडणारी माणसं बघायचे.

एकदा एक फार मोठा पिक्चर लागला. पेपरात कौतुक, चौकाचौकात पोस्टर, पहिल्या दिवशी हाऊसफुल्ल. पहिला खेळ सुटला. नाना दारात उभे राहिले, बघितलं आणि मला म्हणाले, "गुरुवारी उतरणार."

"कशावरून?"

"माणसं सरळ आपापल्या स्कूटरकडे गेली. पिक्चर मनात बसला असता तर निम्म्यांना गाडी कुठं लावली ते आठवलं नसतं!"

गुरुवारी उतरला.

*

कँटीनवाल्या काशिनाथची तऱ्हा याच्या बरोबर उलट. त्याचा सगळा धंदा पिक्चरच्या वाईट भागावर! कंटाळवाणं गाणं लागलं की पब्लिक बाहेर येणार, वडे खाणार. त्यामुळे नवीन पिक्चर लागला की तो मला हळूच विचारायचा, "साहेब, रडारडी किती वेळ आहे?" तेवढ्या वेळाचं पीठ तो भिजवून ठेवायचा.

एका साली खरोखरच जमलेला पिक्चर आला. काय बांधणी! काय वेग! एक माणूस उठेल तर शपथ. काशिनाथचे दोन घाणे वडे परातीत तसेच पडले. तिसऱ्या दिवशी तो तणतणत शेठच्या केबिनमध्ये घुसला.

"शेठ, जरा दर्जा बघून पिक्चर आणत जा!"

*

आमचे ऑपरेटर गनीभाई म्हणजे शांत माणूस. वीस वर्षं मशीनजवळ उभे, पण कधी एका पिक्चरला चांगलं-वाईट म्हणाले नाहीत. त्यांच्या हातून एकदा गडबड झाली. सातवं रीळ आधी लागलं, सहावं नंतर. म्हणजे हिरोचा बाप आधी मेला, त्याचा तेरावाही झाला, आणि मग तो दारात येऊन विचारतो, "चहा झाला का?" पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, थोडी आरडाओरड केली आणि सोडून दिलं.

नेमके त्याच खेळाला गावातल्या एका साप्ताहिकाचे समीक्षक हजर. त्यांनी छापलं: "मृत्यूनंतर वडिलांना परत आणण्याची मांडणी विलक्षण धाडसी. हिंदी सिनेमा वयात येतो आहे."

माझ्या जिभेला काय खाज सुटली म्हणून सांगू! त्या समीक्षकांच्या घरी सायकलवर जाऊन सांगून यावंसं वाटत होतं. पण नोकरी! दाताखाली जीभ धरून गप्प बसलो. गनीभाई तो अंक घेऊन शेठकडे गेले आणि फार काळजीनं म्हणाले, "शेठ, आता रोज सरळ लावू का धाडसी लावू?"

*

गप्प राहायचं म्हणजे सगळं घरी निघायचं. सकाळी पोहे खाता खाता मी बायकोला व्हिलनच्या योजनेतल्या चुका समजावून सांगायचो. पोहे संपायचे, चुका संपायच्या नाहीत. शेवटी ती बिचारी शेजारणीबरोबर दुसऱ्याच टॉकीजला जाऊन आली आणि मला सांगितलं, "हळदीकुंकवाला गेले होते." रुमाल भिजलेला होता. हळदीकुंकवाला कोण रडतं?

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. मुंबईहून पिक्चर देणाऱ्या ऑफिसचा माणूस शेठच्या केबिनमध्ये बसला होता. मी चहा पोचला का बघायला गेलो. तो सहज म्हणाला, "काय साहेब, आमचा पिक्चर कसा वाटला?"

विचारायचं नव्हतं हो त्यानं! शेठ डोळे वटारताहेत, मला दिसतंय, पण मी आपला सुरूच. हिरोईनचं कामच काय, कोर्टातला सीन फुकट, कॉमेडियनला आधी घरी पाठवा. तो माणूस निघून गेला तेव्हा त्याच्या कपातला चहा तसाच होता.

शेठ अगदी हळू बोलले. ते ओरडतात तेव्हा भीती नसते. "अरुण, ही शेवटची वेळ. आता एक शब्द जरी ऐकला ना, तर हिशेब घे आणि नीघ."

*

त्यानंतरचा पिक्चर म्हणजे त्या वर्षातला सगळ्यात गाजलेला. गाणी झकास, मारामारी झकास. पण एक भोक एवढं मोठं की त्यातून बैलगाडी जाईल! इंटरव्हलच्या आधी हिरोची आई दवाखान्यात भरती होते, आणि त्यानंतर तिचं नावच नाही. मेली, जगली, कुणी डबा नेला, काही नाही. शेवटची अकरा मिनिटं नुसती गोडाऊनमध्ये हाणामारी आणि पिक्चर खलास! सात आठवडे मी हे पोटात ठेवलं. माझं वजन उतरलं. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा."

रविवार, तीनचा खेळ, हाऊसफुल्ल. एकच प्रिंट नाशिकरोडच्या आणि आमच्या टॉकीजमध्ये फिरत होती. तिकडे रीळ संपलं की आमचा शिपाई सोपान ते स्कूटरवरून घेऊन यायचा. शेवटचा डबा आला, गनीभाईंनी उघडला, तर आत चौथं रीळ! तिकडच्यांनी चुकीचा डबा दिला होता. सोपान परत पळाला, पण द्वारका चौकाच्या गर्दीतून जाऊन यायला तासभर तरी हवा. इकडे पडदा पांढरा. शिट्ट्या, खुर्च्यांचा खडखडाट, "पैसे परत! पैसे परत!"

शेठनं माझा दंड धरला. "जा, स्टेजवर जा. पुढचं सांग त्यांना."

"मी? शेठ, तुम्हीच म्हणालात..."

"अरे, तुला पाठ आहे ना? फक्त जे आहे तेवढं सांग. तुझं काही घालू नकोस. पाया पडतो!"

गेलो. पुढे सातशे माणसं. अनाउन्समेंटचा माईक धरला आणि सुरुवात केली, "तर मंडळी, हिरो गोडाऊनचं दार तोडून आत शिरतो..."

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. अंबाड्यावर शेवंतीची वेणी. मखमलाबादकडच्या फुलमळ्यातल्या, पुढे ओळख झाली म्हणून माहीत. "ओ भाऊ, गोडाऊन राहू द्या! त्याची माय दवाखान्यात हाय, तिचं काय झालं ते सांगा!"

"हां! आईचं सांगा!" मागून आवाज आले.

मी दाराकडे बघितलं. शेठ तिथून हात जोडत होते. सात आठवडे, मंडळी! सात आठवडे!

"सांगतो," मी म्हणालो.

गोडाऊन एका वाक्यात संपवलं. व्हिलनला पोलिसांच्या ताब्यात दिलं. आणि हिरोला घेऊन सरळ दवाखान्यात गेलो. सांगितलं, की तो फाटक्या शर्टानं आईच्या पायाशी बसतो. ती डोळे उघडते. त्याच्या कपाळावरचं रक्त बघते, पण कुणी मारलं म्हणून विचारत नाही. एवढंच विचारते, "जेवलास का रे?" आणि चाळीस माणसांना लोळवणारा तो गडी ओंजळीत तोंड घालून रडायला लागतो.

त्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. मग बाल्कनीतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळ्यांनी. एकानंही पैसे परत मागितले नाहीत. शेठनी केबिनमध्ये जाऊन आतून दार लावून घेतलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, नोकरी बहुतेक गेली.

सोमवारी पिक्चर व्यवस्थित, सगळ्या रिळांसकट झाला. खेळ सुटल्यावर मी शेठसमोर उभा होतो, तेवढ्यात कालच्याच बाई केबिनमध्ये शिरल्या. मागे सासूबाई, जाऊ आणि शेजारच्या चौघी.

"ओ शेठ, ही काय पद्धत झाली? काल शेवट लय चांगला होता! आज या समद्यांना मुद्दाम घेऊन आले, तर नुसती हाणामारी! माय कुठं गेली?"

मी छताकडे बघत राहिलो. शेठनं माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईंना म्हणाले, "ताई, तो शेवट फक्त रविवारी तीनला असतो."