भाचीच्या पसंतीचं पुस्तक

जगातल्या सगळ्या कादंबऱ्या माझ्या भाचीला विचारून लिहिल्या असत्या, तर त्यातल्या निम्म्या लिहिल्याच गेल्या नसत्या आणि उरलेल्या निम्म्यांमधली माणसं निदान वेळच्या वेळी जेवली तरी असती. भाची म्हणजे माझ्या चुलत बहिणीची मुलगी. वय पंधरा, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, अंगानं काटकुळी, आणि नाक असं की पुस्तक हातात घेतल्याबरोबर ते आपोआप मुरडलं जावं. मी बेंबळीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास, चार कपाटं, एक टेबल आणि वर्तमानपत्रांसाठी एक लांब बाकडं, एवढा माझा संसार. पंचवीस वर्षं हेच काम केल्यामुळं माणूस पायऱ्या चढताना बघूनच त्याला कुठलं पुस्तक लागेल हे मी ओळखतो, अशी गावात माझी ख्याती आहे. ती ख्याती पसरवण्याचं काम बरीच वर्षं मी स्वतःच केलं हे खरं, पण म्हणून काही ती खोटी ठरत नाही. खोटी ठरवली ती भाचीनं.

लहान मुलांचं कपाट तिनं सातवीतच संपवलं होतं. आठवी-नववीत तिनं तेच कपाट दुसऱ्यांदा वाचून काढलं आणि दहावीची परीक्षा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी टेबलासमोर येऊन उभी राहिली. "मामा, आता मोठ्यांचं द्या." मला मनातून गुदगुल्या झाल्या, पण त्याबरोबर लातूरही आठवलं. आमच्याकडची हुशार पोरं दहावी झाली की जूनमध्ये लातूरला जातात. अकरावी-बारावी, शिकवण्या, एका खोलीत चार खाटा. दोन वर्षांनी परत येतात तेव्हा त्यांच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिलं तर ती पुस्तकाच्या मागं उत्तरं दिलीत का ते बघतात. अशी चांगली वाचणारी डझनभर पोरं मी लातूरला घालवली आहेत आणि त्यातलं एकही वाचनालयाची पायरी पुन्हा चढलेलं नाही. ही एक घालवायची नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. जायच्या आधी तिनं मोठ्यांची एक, फक्त एक कादंबरी मनापासून शेवटपर्यंत वाचली, की तिची गोडी सुटणार नाही, असा माझा हिशेब होता. हातात एप्रिल आणि मे असे दोन महिने होते. दोन महिन्यांत लोकांची लग्नं जमतात, मला तर एक पुस्तक जमवायचं होतं.

पहिली दिली ती तीन पिढ्यांची, जाडजूड, घरंदाज कादंबरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतोय तोवर ती पुस्तक घेऊन दारात हजर. म्हणाली, "मामा, चौपन्न पानं झाली, ह्या घरात अजून चूल पेटली न्हाय. मग ही माणसं भांडायलीत कशाच्या जिवावर?" मी म्हटलं, अगं, जेवत असतील, लेखकानं लिहिलं नसेल. "मग भांडलेलं बरं लिव्हलंय सगळं!" पुस्तक परत. दुसरी दिली ती ग्रामीण जीवनावरची, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली. ती बत्तीसाव्या पानावर पडली. "वैशाखात ज्वारी हिरवीगार डोलायली म्हणं. लेखक कवा रानात गेलता का?" मी लेखकाची बाजू सावरायला म्हटलं, जनावरांसाठी कडवळ केलं असेल. तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाली, "कडवळाला कणसं येऊस्तोवर कोण थांबतंय, मामा? तुमी तरी असं बोलू नका." माझं स्वतःचं दीड एकर रान आहे, हे मी त्यानंतर चार दिवस कुणाला सांगितलं नाही.

मग हे रोजचंच झालं. एका कादंबरीत नायक दुपारी स्टेशनात उतरून दिवेलागणीच्या आत बैलगाडीनं बारा कोसांवरच्या गावी पोचला. तिनं वहीच्या कागदावर गणित मांडून दाखवलं आणि विचारलं, "बैलं हुती का जीप?" एका कादंबरीतली नायिका वरचेवर खिडकीशी उभी राहायची. भाचीनं मोजलं, एकोणीस वेळा. "हिला दुसरं काम न्हाय का? आमच्या खिडकीत पापड वाळायलेत, हुबं ऱ्हायला जागा तरी कुठाय?" प्रेमकथा दिली तर म्हणाली, "ही दोघं एकदा बसून बोलली असती तर तेविसाव्या पानावर लगीन झालं असतं. लेखकानं मुद्दाम बोलू दिलं न्हाय." शेवटी रहस्यकथा दिली. ती तिनं वाचनालयातच बाकड्यावर बसून दोन तासांत उरकली आणि मला परत देताना खणखणीत आवाजात म्हणाली, "खून कंपाउंडरनं केलाय. सोपं हुतं." शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलेले आबा, जे गेले तीन आठवडे त्याच पुस्तकाच्या रांगेत होते, त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठून गेले. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भाचीशी मात्र बोलत होते.

मी हात टेकायला आलो होतो. माकणीचा माझा एक मित्र फार वाचतो, त्याला फोन करून विचारलं, त्यानं सुचवलेली तिन्ही पुस्तकं एका आठवड्यात नापास झाली आणि मित्रानं माझा फोन उचलणं बंद केलं. तेव्हा मी शेवटचा उपाय केला. अठराव्या वर्षी जी कादंबरी वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, ती माझ्या स्वतःच्या ट्रंकेतून काढून तिला दिली. ती तिनं पूर्ण वाचली नाही, पण निम्म्याच्या पुढं गेली, हा विक्रमच होता. परत देताना आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "मामा, तुमी खरंच रडला हुता ह्याच्यावर?" मी म्हणालो, "नाही गं, तेव्हा माझे डोळे आले होते." मला फार वाईट वाटलं. सून पसंत न पडलेल्या सासूचा राग सुनेच्या बापाला येतो, तसा मला तिचा राग आला, आणि तीन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

त्यात बहीण आली. दारातूनच म्हणाली, "दादा, पोरीला मोठ्यांची पुस्तकं द्यायलास म्हणं. दे, पर बघून देत जा बाबा. त्याच्यात कायबाय असतंय." मी म्हटलं, मी बघूनच देतो. ती गेल्यावर लक्षात आलं की मी काहीच बघत नव्हतो. मग दोन दुपारी बसून मी कादंबऱ्यांचं अख्खं कपाट चाळलं. जिथं म्हणून दोन पात्रं विहिरीवर, गच्चीवर किंवा आमराईत एकटी सापडली, तिथली पानं एकत्र धरून स्टेपलरनं पिन ठोकली. पानं फाडणं हे ग्रंथपालाच्या हातून होणं शक्य नव्हतं आणि पुस्तक न देणं मामाच्या हातून. पिन हा दोन्हींच्या मधला मार्ग होता आणि तो मला सुचला याचा मला चांगला दोन दिवस अभिमान वाटला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते माझ्या ध्यानात राहायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आबा आले. घसा साफ करून, आजूबाजूला बघत म्हणाले, "अण्णा, ती पिना मारलेली पुस्तकं कंच्या कपाटात हायत?" मी म्हटलं, आबा, तुम्ही तर वर्तमानपत्राशिवाय काही वाचत नाही, ती एक रहस्यकथा सोडली तर. "वाचायची कुठं हायत? नुस्ती बघतो." आठवड्याभरात गावातल्या झाडून सगळ्या ज्येष्ठ नागरिकांना साहित्याची ओढ लागली. बाकड्यावर वर्तमानपत्रं वाऱ्यावर फडफडत पडली आणि कादंबऱ्यांचं कपाट निम्मं रिकामं झालं. एकानं तर, पुस्तक जड आहे, नुसती तेवढी पानं घरी नेता येतील का, असं विचारलं. गाव मात्र इमानदार. प्रत्येक पुस्तक परत आलं तेव्हा पिन पुन्हा त्याच भोकांत घालून, नखानं दाबून बसवलेली होती. भाचीनं केसांतल्या आकड्यानं हाती लागतील त्या पिना त्यांच्याआधीच उचकटून बघितल्या होत्या आणि तिचा निकाल ठरलेला होता. "तितं कायच न्हाय, मामा. एक पान चांदणं, मग डायरेक सकाळ."

आणि मग ती चार दिवस फिरकलीच नाही. मे संपत आला होता, लातूरची खोली ठरली होती. मी मनातल्या मनात हरलो होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती तरातरा आली आणि एक बारीकशी कादंबरी टेबलावर आपटून म्हणाली, "ह्याच्यात लपवण्यासारखं काय हाय, ते सांगा. म्या तीन बार वाचलं. पयल्यापसून शेवटापस्तोर तीन बार. मला घावंना."

मी पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. आमची जुनी पुस्तकं फाटली की आम्ही ती एकगठ्ठा बांधून घेतो, सगळ्यांना एकाच ताग्यातलं लाल कापड. त्या दुपारी टेबलावर दोन लाल पुस्तकं शेजारी होती आणि आमराईवाल्याच्या ऐवजी मी भलत्याच पुस्तकाला पिन मारली होती. ही कादंबरी होती एका बाईची. नवरा गेलेला, घरात एकच म्हैस, ती बाई म्हैस बाजारात नेऊन विकते आणि चालत घरी येते. बस्स. पंधरा वर्षांत हे पुस्तक कुणी नेलं नव्हतं, मीसुद्धा वाचून विसरलो होतो. पिन मी मारली होती ती घरी परतण्याच्या पानांना.

"मला वाटलं, म्हैस विकल्यावर ती रडंल," भाची म्हणाली. "तर रडलीच न्हाय. घरी आली, दावं धुतलं, उन्हात वाळवलं आन गुंडाळून खुटीला लावलं. मामा, म्हैसच न्हाय तर दावं कशाला धुतलं तिनं?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

"पयल्या बारीला वाटलं, लेखक चुकला. दुसऱ्या बारीला वाटलं, दुसरी म्हैस आणणार आसंल. तिसऱ्या बारीला..." ती बोटानं टेबलावरची धूळ पुसत राहिली. "तिसऱ्या बारीला ध्यानात आलं, त्या दिवशी ती जेवलीच न्हाय. आन म्या ते मोजलं न्हवतं."

पंचवीस वर्षांत मी हजारो पुस्तकं दिली असतील, पण एखादं पुस्तक कुणाला पोचलं हे डोळ्यांदेखत बघायला मिळालं ते त्या संध्याकाळी. मग मी तिला खरं सांगून टाकलं, की पिन चुकून लागली. ती इतकी हसली, इतकी हसली, की बाकड्यावरचे आबा वर्तमानपत्रावरून बघायला लागले. "म्हंजी चुकून का व्हयना," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमी एक तरी बरं पुस्तक दिलंत."

जूनमध्ये ती गेली. स्टँडवर मी तीन पुस्तकं घेऊन गेलो होतो. त्यातली दोन तिनं एसटीच्या खिडकीतून पहिलं पान वाचून परत केली, कंडक्टरनं घंटी दिली तरी तिसऱ्यावर तिचा निर्णय होत नव्हता, म्हणून ते नाइलाजानं तिच्याबरोबर गेलं. बहीण डोळ्याला पदर लावून उभी होती आणि मी दोन नापास पुस्तकं छातीशी धरून हसत होतो. मला वाटलं, जिंकलो आपण.

परवा, एका रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. स्वतःचा नाही, खोलीच्या मालकीणबाईंचा. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, झालं. आवाज जरा बारीक वाटला. मग म्हणाली, "मामा, एखादं पुस्तक धाडून द्या की. झोपायच्या आधी दोन पानं वाचीन म्हणते."

मी खुर्चीतून उठलोच. पोरगी वाचत होती! मी विचारलं, कसलं हवं? शेतीवाडीचं चालेल? प्रवासाचं? नवीन आलंय एक, पण त्यात बाई पहिल्याच पानावर खिडकीशी उभी आहे, तुला आधीच सांगून ठेवतो. मी वाट बघत थांबलो. आता ती काहीतरी खोडी काढेल, मी चिडेन, ती हसेल. पलीकडून कुणीतरी तिला आत बोलावत होतं.

"कुठलंबी चालंल, मामा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पंचवीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वाचकांनी हेच वाक्य ऐकवलं आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण मी कपाटासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात पुढं होईना. एक काढलं, हे नको, हिला नाही आवडणार. दुसरं काढलं, यात उगाच पाल्हाळ आहे. तिसरं चार पानं वाचून ठेवून दिलं. तिला चालत असेल, मला कुठलंही चालणार नव्हतं. वाचनालय बंद करायची वेळ झाली, आबा उठून गेले, तरी मी तिच्या वतीनं एकेक पुस्तक नाकारतच होतो. पोरगी फार दमली होती हो.