हा वाटा कुणाचा

पेलिकन बेच्या किनाऱ्यावर मासे वाटायचे असले की आयोमा क्वाशीला बोलावणं धाडावं लागत नाही. शंख वाजला की ती हातातली ओली चादर तशीच दोरीवर टाकते, धड पिळतही नाही, आणि टोपी डोक्यावर दाबत उतार उतरू लागते.

टोबॅगो बेटाच्या त्या अंगाला अजून रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं, किनाऱ्यावरून दोरांनी ओढतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो गावचा असो की काल बोटीतून उतरलेला. वाळूवर बदामाची पानं पसरून त्यांवर ढीग घातले जातात. मग आयोमा डोंगराकडे तोंड आणि ढिगांकडे पाठ करून उभी राहते. मागे तिचा भाचा केस्टर एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो, "हा वाटा कुणाचा?" आयोमा नाव घेते. तिला ढीग दिसत नाही, म्हणून कुणी कुरकुरत नाही, आणि नाव पुकारलेला वाटा कुणी नाकारत नाही. तिचा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. उरेल तो.

तिच्या आधी हे काम तिच्या आईकडे होतं. म्हातारीला शेवटी शेवटी दिसेनासं झालं होतं, तरी ती न चुकता पाठ फिरवायची. "आता कशाला गं?" असं आयोमानं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला दिसत नाही हे मला माहीत. त्यांना काय माहीत?" आयोमा तरुणपणी त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन शहरात, शर्टांना काजं करायच्या कामावर होती. आई गेली तशी ती परत आली, ती आलीच. आता ती लेकीच्या, जनेलच्या, गेस्ट हाउसमधल्या चादरी धुते, पाहुण्यांसाठी नारळाचे पाव भाजते, खारा मासा परतते. समुद्रात घोट्याच्या वर कधी जात नाही. गावात तिला कुणी हुशार म्हणत नाही की प्रेमळ म्हणत नाही. वाटे पुकारणारी म्हणतात.

ईस्टरच्या सोमवारी सकाळी ती खाली आली, तेव्हा तिचा भाऊ लिअरी बदामाखाली जाळ्याचं भोक शिवत बसला होता. रापण त्याची. आदल्या दिवशी पलीकडच्या बेटावरून, त्रिनिदादहून, सुट्टीला माणसं लोटली होती आणि किनाऱ्यानं त्यांच्या खुणा जपून ठेवल्या होत्या. थर्माकोलचे डबे, स्ट्रॉ, कोंबडीची हाडं, बाटल्या.

"परवा जाळ्यात काय आलं सांगू?" लिअरी मान वर न करता म्हणाला. "चप्पल. एकच. दुसरी कुठे असेल?"

"दुसऱ्या पायात."

"हस तू. या मोसमात किती वेळा शिवलं हे जाळं? आज शेवटचं बघतोय. आज फाटलं, तर उपऱ्यांचा दोराला हात नाही."

"मग ओढणार कोण? तू, मी नि केस्टर? मिस्टर ऑर दोर धरतात ते पडू नये म्हणून."

"नाही ओढली तर नाही ओढली. शार्लटव्हिलचा माणूस जाळं मागतोय. देऊन टाकीन."

आयोमा भावाला ओळखून होती. लिअरी बोलला की ते करतो. बायकोशी त्यानं अबोला धरला, तो तिच्या मयताच्या दिवशीही सुटला नव्हता. आणि गावची धडधाकट पोरं क्राउन पॉइंटच्या हॉटेलांत कामाला गेलेली. पाहुण्यांच्या हातांशिवाय रापण किनाऱ्याला लागणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जाळं गेलं की वाटे गेले. वाटे गेले की तिच्याकडे उरणार चादरी.

केस्टरनं शंख फुंकला. माणसं जमली. पोर्ट ऑफ स्पेनहून येऊन जनेलकडे उतरलेल्या मिसेस फिगेरा आल्या, त्या हातात बागकामाचे मोजे घालूनच. बाईंनी आल्यापासून गावाबद्दलचं आपलं मत कुणापासून लपवलं नव्हतं.

"मिस आयोमा, फोटोत वाळू पांढरी होती हो."

"फोटो काढायच्या आधी झाडतो आम्ही."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही येता."

बाई मनापासून हसल्या आणि दोराला लागल्या. लिअरी हसला नाही.

रापण त्या दिवशी जड लागली. म्हातारे मिस्टर ऑर एका हातानं दुखरा गुडघा धरून म्हणाले, "भरलीय." मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही लटकलाय म्हणून." दोर हातातून हातात सरकत राहिला, टाचा वाळूत रुतल्या, आणि जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं तशी सगळ्यांची बडबड थांबली. जॅक मासे होते, बेताचे. बाकी तांबडं समुद्री गवत, बाटल्या, डबे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियमची एक घडीची खुर्ची, चारही पाय जाळ्यात घालून बसल्यासारखी. खुर्ची सोडवली, तर तिथे भोक असं पडलं होतं की त्यातून केस्टर आरपार गेला असता.

लिअरी जाळ्यापाशी बसला, सुई मांडीवर ठेवली आणि भोकाच्या कडा हातात घेऊन पाहिल्या.

"ज्यांचं घर इथे नाही, त्यांनी दोर खाली ठेवा," तो म्हणाला. "आजचा वाटा घेऊन जा. उद्यापासून येऊ नका."

"आम्ही खुर्ची नव्हती आणली हो," मिसेस फिगेरा म्हणाल्या.

"तुम्ही नाही, तर तुमच्यासारखं कुणीतरी."

"बाप रे, आमच्या खुर्च्या इतक्या लांब पोहतात?"

दोघंतिघं हसले आणि लिअरीकडे बघून गप्प झाले.

आयोमाचं लक्ष खुर्चीकडे होतं. पट्टे निळे-पांढरे, उडालेल्या रंगाचे. पाठीला मात्र एक पट्टा हिरव्या दोरीनं विणलेला. तो तिनंच विणला होता, निळी पट्टी संपली म्हणून. गेल्या पावसात तिनं नि जनेलनं ती मोडकी खुर्ची दोन्हीकडून उचलून नदीच्या तोंडाशी नेऊन ठेवली होती. तिथे सगळं गाव ठेवतं. गाद्या, पंखे, फुटके टब. फेकलं असं कुणी म्हणत नाही. 'ठेवलं' म्हणतात. पाऊस लागला की नदी नेते, आणि नेल्यावर कुणाला काही आठवत नाही.

"वाटे घाला," ती म्हणाली. "आणि या सगळ्याचाही एक ढीग घाल, केस्टर."

"कचऱ्याचा? टँटी, बरी आहेस ना?"

"जाळ्यातूनच आला ना?"

केस्टरनं खांदे उडवले आणि खुर्ची, डबे, बाटल्या माशांच्या ढिगांच्या रांगेत आणून रचल्या. आयोमानं डोंगराकडे तोंड केलं.

"हा वाटा कुणाचा?"

"लिअरी."

"हा?"

"मिस्टर ऑर."

नावं नेहमीच्या चालीनं जात होती; आधी जाळंवाला, मग म्हातारे, मग दोरकरी. माशांवर काठी टेकली की आवाज येत नाही. केस्टरची काठी पुढे सरकली आणि टण्ण वाजलं.

"हा वाटा कुणाचा?"

मागे खसखस पिकली. आयोमाच्या जिभेवर मिसेस फिगेरांचं नाव होतं; पाळी त्यांचीच होती. नाव घेतलं असतं तर बाईंना तो ढीग उचलावा लागला असता, लिअरी खूश झाला असता, आणि उद्यापासून त्याचं म्हणणं गावाचं झालं असतं. आजवर नाव घेताना वाटा कुठला हे आयोमाला कधी ठाऊक नव्हतं. आज होतं.

"आयोमा," ती म्हणाली.

"टँटी, तुझं शेवटी असतं."

"नाव पुकारलं ना?"

आणि वाटे संपायच्या आत ती मागे वळली. असं तिनं कधी केलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. मिस्टर ऑर गुडघा धरायचंसुद्धा विसरले. आयोमानं खुर्ची उचलली, लिअरीसमोर नेऊन उलटी धरली.

"ही दोरी कुणाची?"

लिअरीनं हिरव्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. त्याच्या मांडीवरच्या सुईत तीच दोरी ओवलेली होती.

"तूच मागून नेली होतीस."

"हो. माझी खुर्ची, तुझी दोरी, आणि नदी सगळ्यांची. कुणी पोर्ट ऑफ स्पेनहून आणली नाही."

"एक खुर्ची तुझी. बाकी?"

"बाकी त्यांचं असेल. तुझा फ्रिज मात्र अजून नदीच्या तोंडाशी पडलाय. तो जाळ्यात येईल, तेव्हा कुणाला हाकलशील?"

"फ्रिज जड आहे," लिअरी म्हणाला. "जात नाही तो."

"म्हणून तर तोंड वर करून बोलतोयस."

या वेळी हसू आवरायचा प्रयत्नही कुणी केला नाही. लिअरीनं भोकाची कड हातातून सोडली. मग म्हणाला, "उरलेले वाटे पुकार."

"मी नाही. मी आज वाटा ओळखून नाव घेतलं. आजच्या पुरती माझी पाठ बाटली. ज्याला इथलं कुणी ठाऊक नाही, अशाला उभं कर."

लिअरीनं मान वळवून माणसं न्याहाळली. प्रत्येक जण प्रत्येकाचा काका नाहीतर मेहुणा. शेवटी त्याची नजर बागकामाच्या मोज्यांवर येऊन थांबली.

"पोर्ट ऑफ स्पेन," तो म्हणाला, "डोंगराकडे तोंड कर."

"पण मला नावं नाही येत कुणाची."

"नको येऊ देत. पाठ फिरव."

बाईंनी मोजे काढले, आयोमाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर नसल्यामुळे ब्लाउजच सारखा केला.

"हा वाटा कुणाचा?" केस्टर म्हणाला.

"त्या... शंख फुंकताना ज्यांचे गाल बेडकासारखे होतात, त्यांचा."

"तो मीच," केस्टर म्हणाला, आणि कुणी कुणाला धरून हसतंय ते कळेना. "हा?"

"दोर ओढायचं नुसतं नाटक करत होत्या, त्या पिवळ्या टोपीच्या बाईंचा."

पिवळी टोपीवाली वाटा उचलायला पुढे झाली, दुसरं करणार काय. शेवटचा ढीग बाईंना स्वतःला आला. त्यात चार जॅक होते, त्यातला एक चेंगरलेला. बाईंनी तक्रार केली नाही.

लिअरीनं सुई उचलली होती. भोकाची एक कड पायाच्या अंगठ्यात धरून तो शिवत होता, आणि दुसरी कड कुणीतरी ताणून धरावी म्हणून इकडेतिकडे बघत होता. मिसेस फिगेरा मासे पानावर ठेवून खाली बसल्या. त्यानं त्यांना ऊठ म्हटलं नाही. जरा वेळानं म्हणाला, "केस्टर, सकाळी मोठा दोर नदीकडे ने." कशाला, ते केस्टरनं विचारलं नाही.

आयोमा उतार चढून घरी आली. न पिळलेली चादर दोरीवर तशीच वाळून तिला जागोजाग चुण्या पडल्या होत्या. जनेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं कांदा आणि मिरची आधीच चिरून ठेवली होती.

"मासे?" तिनं विचारलं.

"खुर्ची," आयोमा म्हणाली, आणि ती भिंतीला टेकवून तिनं चादर पुन्हा बादलीत घातली.