ॲम्प्लिफायरचा लाल दिवा

बाबांचे कान अलीकडे फार जड झाले होते. तरुणपणी ते गायन पार्टीत होते. जयंतीच्या दिवसांत पेटी-ढोलकी घेऊन वस्त्या-वस्त्यांतून गात. त्यांच्या एका कार्यक्रमाची कॅसेट मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. हेडफोन त्यांना टोचायचे, म्हणून गाडीत ऐकवू लागले. पण तिथं त्यांना ढोलकी तेवढी कळायची, शब्द नाही. शेवटी जरीपटका भागातल्या एका दुकानातून मोठा ॲम्प्लिफायर बसवून घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं आत्याकडे पारशिवनीला निघालो. कन्हानचा पूल ओलांडल्यावर मी आवाज वाढवला. बाबा पुढं झुकले, मांडीवर ठेका धरला, आणि गाणं मध्येच तुटलं. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर सीटखाली ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला होता. डब्याला हात लावला तर चटका बसला.

"काहून बंद पडलं वं?"

"तापला, बाबा."

"जाऊ दे मंग. झालं ऐकून."

ठेका धरलेला हात त्यांनी मांडीवरून उचलला, तेव्हाच मी ठरवलं, हे जाऊ द्यायचं नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, याच्याहून मोठा घ्या." का, ते काही सांगेना. मी मल्टिमीटर विकत घेतला आणि गाडीच्या दाराचं पॅनल स्वतःच उघडलं. एक क्लिप तुटली, अंगठा सोलला.

चारही स्पीकर चार-चार ओहमचे होते. दुकानात प्रत्येक बाजूचा पुढचा आणि मागचा स्पीकर समांतर जोडले होते. तसं जोडलं की दोघांचा मिळून अडथळा निम्मा होतो, म्हणजे दोनच ओहम. ॲम्प्लिफायरच्या बुडाला मात्र स्पष्ट छापलं होतं: कमीत कमी चार. अडथळा कमी म्हणून तो झेपेल त्याहून जास्त करंट ओढत होता, आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडत होता.

मग दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडून पाहिले. आठ ओहम झाले. डबा थंड राहिला, पण आवाज मरतुकडा. पुन्हा सगळं सोडवलं. मागं बसतं कोण? मागचे दोन्ही स्पीकर काढूनच टाकले आणि पुढचा एकेक एकेका बाजूला जोडला. चारला चार.

पुन्हा पारशिवनीचा रस्ता धरला. या वेळी पूल मागं पडला, कन्हान गाव मागं पडलं, गाणं चालूच राहिलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. एका कडव्यापाशी त्यांनी एकदम माझा दंड धरला.

"इथं सूर सोडला व्हता मी! इतकी वर्सं कोनं सांगितलं नाही मले."

"बंद करू?"

"बंद काहून करतं? मागं घे. पुन्हा आयकू दे."